‘बॅटरी काढून घातली, चालू झालं’

आमच्या पोरानं बागेतल्या अकरा नोडच्या (ओलावा-तापमान मोजून रेडिओवरून कळवणाऱ्या छोट्या डब्यांच्या) बॅटऱ्या काढून परत घातल्या आणि मग मला फोन केला. आधी नाही, मग! ‘सर, सगळं बंद पडलं होतं. बॅटरी काढून घातली, चालू झालं.’ मी विचारलं, काढण्याआधी दिवा लुकलुकत होता का, पाहिलंस? नाही. व्होल्टेज मोजलंस? नाही. गेटवेवरचा, म्हणजे सगळ्या नोडचे निरोप गोळा करून सर्व्हरला पाठवणाऱ्या यंत्रावरचा, लॉग (घडामोडींची नोंद) उतरवून घेतलास? ‘सर, पण चालू झालं ना आता.’

चालू झालं म्हणजे नेमकं काय झालं? जे कळणार होतं ते सगळं गेलं, एवढंच झालं. अख्ख्या नोडची मेमरी १० किलोबाइट. कुठला काउंटर कुठे पोचला होता, कोण कशाची वाट बघत अडकलं होतं, हे त्या १० किलोबाइटमध्ये होतं आणि सेल स्प्रिंगवरून सुटला त्या क्षणी पुसलं गेलं. पंचनामा व्हायच्या आत प्रेत जाळून टाकतात ही माणसं, आणि मग मला विचारतात, मेला कशाने.

बाग निफाडकडची. बारा नोड, दर दहा मिनिटांनी पानाचा ओलावा, तापमान, हवेतली आर्द्रता. बाग फुलोऱ्यात आहे आणि फुलोऱ्यात डावणी (द्राक्षाचा बुरशीसारखा रोग) आली तर घड हातचा जातो, हे द्राक्षवाल्याला सांगावं लागत नाही. म्हणूनच तर बागेचे मालक तात्या, त्यांनी हे सगळं बसवून घेतलं. १७ तारखेच्या रात्री ते भाचीच्या लग्नाला बाहेरगावी होते. तिकडे ढग दिसले म्हणून त्यांनी मांडवातून फोन उघडून पाहिलं. स्क्रीनवर बाराही नोड हिरवे आणि पान कोरडं. तात्या थांबले. सकाळी बागेत आले तर वलांड्यांवरून (वेलींच्या आडव्या फांद्यांवरून) पाणी गळतंय, पानं निथळतायत, आणि हातातला फोन अजूनही म्हणतोय पान कोरडं. पावसाआधी घ्यायचा फवारा राहून गेला. मला फोन आला तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही. ‘दादा, मला काही नको होतं, फक्त बंद आहे तर बंद आहे म्हणायला पाहिजे होतं तुमच्या मशिनीने.’ एवढंच बोलले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तर आधी त्या हिरव्या रंगाबद्दल. नोडकडून निरोप आला नाही तर शेवटचा आकडा तसाच दाखवत राहायचं, हे ठरवलं कुणी? मीटिंगमध्ये ठरलं. मी होतो त्या मीटिंगला. ‘रिकामा चौकोन दिसला की गिऱ्हाईक घाबरतं,’ असं सांगण्यात आलं. अरे, घाबरू दे की! घाबरायलाच हवं! दोन दिवसांपूर्वीचं कोरडं पान आत्ताचं म्हणून दाखवणं याला मी सरळ खोटं बोलणं म्हणतो. मेलेला नोड ओळखू येतो, त्याचं काहीतरी करता येतं. मेलेला नोड जिवंत दाखवणाऱ्या स्क्रीनचं काय करायचं?

१९ तारखेला पहाटे निघालो. अकरा नोड ‘दुरुस्त’ झालेले, म्हणजे माझ्या दृष्टीने वाया गेलेले. बारावा राहिला होता. का, तर विहिरीकडच्या कोपऱ्यातल्या अँगलवर त्याच्या डब्याखाली गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं आणि पोरगा तिकडे फिरकलाच नाही. त्या माश्यांचे उपकार मी विसरणार नाही. पाच हात लांब खताच्या गोणीवर लॅपटॉप ठेवला, हवेतले निरोप ऐकणारा स्निफर लावला आणि चिखलात उकिडवा बसलो.

८ वाजून ७ मिनिटांनी डब्यावरचा दिवा लुकलुकला आणि स्क्रीनवर एक ओळ उमटली. नोड बोलत होता! व्यवस्थित बोलत होता. ओलावा शंभराला टेकलेला, बॅटरी उत्तम, आणि गेटवेचा रेडिओ त्याला पोचसुद्धा देत होता. चार दिवस हा बिचारा पान ओलं आहे, पान ओलं आहे म्हणून ओरडतोय आणि आम्ही सगळे म्हणतोय बंद पडला.

मग त्या ओळीतला वेळेचा आकडा वाचला. नोड चालू होऊन ५२ दिवस झाले होते. नोडच्या मते ३ दिवस ८ तास ३५ मिनिटं.

ज्यांनी हे काम केलंय त्यांच्या पोटात आत्ताच गोळा आला असेल. ३२ बिटांचा काउंटर, सेकंदाला १०२४ टिक. तो भरतो ४८ दिवस १३ तास ५ मिनिटं ४ सेकंदांनी आणि परत शून्यापासून सुरू होतो. खिशातली वही काढली. २८ सप्टेंबरला पहिला नोड मी ९:१० ला चालू केला होता, मग ओळीने चालत जात एकेक, बारावा १०:२७ ला. सर्व्हरवर पाहिलं: पहिल्याचा शेवटचा निरोप १५ नोव्हेंबरला रात्री २२:१०, बाराव्याचा २३:२७. मधल्या दहांचंही तसंच. ज्या क्रमाने चालू केले त्याच क्रमाने, तेवढ्याच अंतराने ते ‘मेले’. बॅटऱ्या अशा संपतात का? वाटेत पाऊस आला म्हणून रेंज अशी जाते का? हा क्रम सर्व्हरवर चार दिवस पडून होता, कुणी बघितला नाही, कारण सगळ्यांना बॅटरीच दिसत होती.

नोडमध्ये दोष नव्हताच. दोष गेटवेच्या कोडमध्ये, एका ओळीत. एकच निरोप दोन वाटांनी येतो, उशिरा येतो, म्हणून तिथे लिहिलंय: आलेल्या निरोपाचा वेळ-आकडा आधीच्यापेक्षा लहान असेल तर तो शिळा, टाकून द्या. काउंटर शून्यावर आला की त्यानंतरचा प्रत्येक निरोप शिळा. टाकून द्या, टाकून द्या, टाकून द्या. आणि लॉगमध्ये एक अक्षर नाही! टाकलास तर टाकलास, पण टाकला असं लिहून तरी ठेव! एक मोजणी, एक आकडा, ‘आज इतके निरोप टाकले’. अर्ध्या तासात सापडलं असतं. बॅटरी काढून घातली की नोड नव्याने जोडणीचा निरोप पाठवतो, गेटवे त्याची जुनी नोंद पुसतो, आणि सगळं सुरळीत. पुढचे ४८ दिवस १३ तास. म्हणजे ती ‘दुरुस्ती’ दोन्हीकडचा पुरावा एकदम नष्ट करते. यापेक्षा नीच दोष मला माहीत नाही.

आणि हा काही आपल्याच वाट्याला आलेला नवा रोग नाही. विंडोज ९५ असंच ४९.७ दिवसांनी अडकायचं, तिथे मिलिसेकंद मोजायचे. २०१५ मध्ये बोइंग ७८७ साठी अमेरिकेत आदेश काढावा लागला, २४८ दिवस सलग चालू राहिलं तर जनरेटरची नियंत्रणं बंद पडू शकतात म्हणून. लिनक्समध्ये तर हा काउंटर मुद्दाम अशा आकड्यावरून सुरू करतात की मशीन लागल्यावर पाच मिनिटांतच तो भरावा आणि चूक असेल तर टेबलावरच दिसावी. पाच मिनिटं! मी दीड वर्षापूर्वी हेच मागितलं होतं. ‘बघू, पुढच्या रिलीजला.’ चाचणी किती दिवसांची? तीन दिवसांची, ऑफिसात, एसीत, गेटवेपासून दहा फुटांवर, बाराही नोड एका टेबलावर मांडून. तीन दिवसांत ४८ दिवसांची चूक दिसत नाही हे कळायला कुठलं शिक्षण लागतं?

रीस्टार्टवाल्यांना मी दरवेळी मार्स पाथफाइंडर सांगतो. १९९७, यान मंगळावर, आणि त्याचा वॉचडॉग (काम अडकलं की यंत्र आपोआप परत सुरू करणारा पहारेकरी) वरचेवर सगळी यंत्रणा रीसेट करतोय. त्यांनी ‘रीसेट होऊन चालू होतंय ना’ म्हणून सोडून दिलं नाही. तसंच यंत्र पृथ्वीवर चालवलं, आतल्या घडामोडींची नोंद ठेवत बिघाड परत घडवून आणला, कमी महत्त्वाच्या कामाने महत्त्वाच्या कामाला रोखून धरलंय हे पकडलं आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. कोट्यवधी किलोमीटरवरून. आमच्याकडे नाशिकहून निफाडला जाऊन वायर जोडायचा कंटाळा.

आता विषय निघालाच आहे तर. ‘एरर ७’ एवढंच छापणारा फर्मवेअर (नोडच्या आतला प्रोग्राम) ज्याने लिहिला, आणि ७ म्हणजे काय हे न सांगता नोकरी सोडून गेला, त्याच्यावर माझा राग चार वर्षं जुना आहे. ‘एक प्रिंट टाकून बघा की’, म्हणजे चालता चालता प्रोग्रामला एक ओळ छापायला लावा, म्हणणारे वेगळेच. प्रिंट टाकली की वेळा बदलतात, वेळा बदलल्या की दोष लपतो, प्रिंट काढली की परत हजर. आणि आत काय चाललंय ते रेडिओवरून कळवायचं तर रेडिओ जागा ठेवायचा, म्हणजे जवळजवळ २० मिलिअँपिअर, जिथे झोपलेला नोड मायक्रोअँपिअरवर महिने काढतो. ही कोंडी खरी आहे, मान्य. नेदरलँड्समध्ये २००५ साली बटाट्याच्या शेतात शंभरावर नोड लावले होते, तेही अशाच एका रोगासाठी, करप्यासाठी, आणि हाती डेटा आला दोन टक्के. त्यांनी काय काय चुकलं ते सगळं लिहून जगाला सांगितलं. त्या प्रामाणिकपणाला मी हात जोडतो. आमच्या रिपोर्टात काय लिहिलं गेलं? ‘बॅटरी समस्या. निराकरण केले.’

रात्री घरी आल्यावर गेटवेच्या त्या ओळीचा इतिहास काढला. लिहिणारा दुसरा. तपासून मंजूर करणाऱ्याच्या जागी माझं नाव. त्या दिवशी एकवीस फाइली मंजूर केल्या होत्या मी. तो ‘पेक्षा लहान’ माझ्या डोळ्यांखालून गेला. दोन आकड्यांची वजाबाकी करून फरकाचं चिन्ह बघायचं, थेट तुलना करायची नाही, हे मी नवीन पोरांना स्वतः शिकवतो. तात्यांना फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, ‘बरं. आता फवारा कधी घेऊ ते सांगा.’

तुलना बदलली आहे, टाकलेल्या निरोपांची मोजणी घातली आहे, काउंटर आता पाच मिनिटांत भरेल असा सुरू होतो. एक तासापेक्षा जुना आकडा स्क्रीनवर काळा दिसेल, आणि कुणाला गिऱ्हाइकाची भीती वाटत असेल त्याने आधी तात्यांशी बोलावं. दुसरी बाग ९ ऑक्टोबरला सकाळी चालू केली होती, तिचे काउंटर २६ नोव्हेंबरच्या रात्री भरतात. त्या रात्री मी तिथे असणार आहे, स्निफर घेऊन. तोवर एकाही डब्याचा स्क्रू कुणी काढायचा नाही. बंद पडलेला दिसला तरी नाही. आधी मला फोन, मग बॅटरी.