४५ मिनिटांची फेरी २५ वर का आली आणि ब्रूनोच्या पंजात कुसळ कसं राहिलं

नमस्कार भाऊ,

तुमच्या तक्रारी अशा: कुत्री फिरवायच्या आमच्या सेवेने ४५ मिनिटांच्या फेरीचे पैसे घेऊन तुमच्या लॅब्राडोरला (लॅबला), ब्रूनोला, सलग ६ दिवस २५ मिनिटांत घरी आणलं. फिरवणाऱ्या एका मुलाच्या हातात चार कुत्री असतात. पंजात कुसळ घेऊन ब्रूनो घरी आला, दोन दिवस लंगडला आणि डॉक्टरांचा खर्च तुम्हाला पडला. गल्लीतली कुत्री अंगावर आली तर आमच्या मुलांकडे साधी काठीही नसते. शिवाय तुमचा बटण दाबून लांब सुटणारा पट्टा आम्ही वापरत नाही. यातली वेळेची आणि कुसळाची चूक आमची. बाकीच्या तीन गोष्टींतले आमचे नियम आम्ही बदलणार नाही. का, ते इथेच लिहितो, म्हणजे बाकीच्या कुत्र्यांच्या पालकांनाही कळेल.

आधी वेळेचं. ब्रूनो संध्याकाळी साडेपाचच्या तुकडीत होता. सोबत एक देशी, एक बीगल आणि एक पग. ऑक्टोबरात जळगावला साडेपाचला ऊन कललेलं असतं, आपल्याला बरं वाटतं. पण दिवसभर तापलेला सिमेंटचा रस्ता आणि पेव्हर ब्लॉक तेव्हाही वाफ सोडत असतात, आणि पगचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. अंगातली उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः धापांतून. पगचं नाक आखूड, घशातली वाट अरुंद, त्यामुळे त्याला धापा टाकण्यातच दमायला होतं आणि अंग आणखी तापतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०५ च्या पुढे गेलं की जिवावर बेततं. त्या आधीच्या खुणा डोळ्यांना दिसतात: जीभ टोकाला रुंद, चमच्यासारखी होते, हिरड्या गडद लाल पडतात, लाळ चिकट होते, कुत्रा मागे रेंगाळतो आणि दिसेल त्या सावलीकडे ओढ घेतो. पगने बाराव्या-तेराव्या मिनिटाला मागे राहायला सुरुवात केली की मुलगा चौघांनाही वळवायचा. एकाला सावलीत बांधून तिघांना पुढे नेता येत नाही, त्यामुळे त्याचा निर्णय बरोबरच होता.

चूक झाली ती तुकडी लावताना. पगचं घर तुमच्या घरापासून दोन प्लॉट पलीकडे, घ्यायला-सोडायला सोपं, म्हणून त्याला लॅबच्या तुकडीत घातलं. तुकडी लावायची ती चाल आणि दम बघून, पत्ता बघून नाही. त्यातून ६ दिवस तेच होत राहिलं आणि आमच्यापैकी कोणीही तुम्हाला साधा फोन केला नाही. माहितीपत्रकात '४५ मिनिटे' मोठ्या अक्षरात छापलंय, उन्हात ती कमी होतात हे कुठेच नाही. तुम्ही चिडलात ते बरोबर आहे.

आता पग, शिट्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांची तुकडी वेगळी केली आहे. ती फक्त पहाटे, सूर्य वर यायच्या आत, २० मिनिटांची, आणि पैसेही २० मिनिटांचेच. बाकीच्यांसाठी निघण्याआधी रस्त्यावर तळहाताची पाठ ७ सेकंद टेकवून बघायची. टेकवत नसेल तर मातीच्या वाटेने जायचं, नाहीतर थांबायचं. मार्च संपला की संध्याकाळची तुकडी साडेसातनंतरच. मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो तेव्हा साडेसातलाही हाच हात लावून बघायचा. फेरीच्या मध्यावर सावलीत थांबा असतो. तिथे ५ मिनिटांत धाप बसली नाही तर तिथूनच परत. पाणी मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या वाटीत. एका वाटीतून सगळ्यांनी प्यायलं की खोकला घरोघर पोहोचतो.

ब्रूनोबद्दल एक सांगू का, राग मानू नका. त्याचं वजन ३८ किलो आहे आणि नर लॅब साधारण २९ ते ३६ किलोंमध्ये असावा. पग सोबत नसता तरी त्या आठवड्यात त्याला ४५ मिनिटं सलग चालवणं बरं नव्हतं. १५ मिनिटं चाल, ५ मिनिटं सावली, पुन्हा १५ आणि रमतगमत घरी, असं त्याला झेपतं. आणि फेरीआधीच्या दोन तासांत त्याला पोटभर जेवण देऊ नका. परत आल्यावरही धाप पूर्ण बसू द्या, मग ताट. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं भरलेलं पोट फुगून पीळ खाऊ शकतं. तसं झालं तर काही तासांत ऑपरेशन करावं लागतं.

आता कुसळ. तलावाच्या कडेने पावसाळाभर लुसलुशीत दिसणारं गवत दसऱ्याच्या सुमारास वाळतं आणि त्यातल्या कुसळीचं बी सुटं होतं. बीचं टोक सुईसारखं, टोकामागचे बारीक केस उलट्या दिशेचे. त्यामुळे ते पुढे सरकतं, मागे येत नाही. शेपटीला पीळ असतो. ओल लागली की तो उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यानेच बी स्वतःला जमिनीत रोवून घेतं. कुत्र्याच्या पंजातही तेच होतं: प्रत्येक पावलागणिक कुसळ आत सरकतं, टोचतं म्हणून कुत्रा चाटतो, आणि चाटल्याने ओल मिळते. लॅबच्या बोटांमध्ये तर पोहण्यासाठी कातडीचा पडदा असतो, त्यामुळे त्याची बेचकी खोल.

आमची मुलं फेरीनंतर ओल्या फडक्याने चारही पंजे पुसतात आणि गाद्या बघतात. काच, बाभळीचा काटा, गोखरू यांसाठी ते पुरतं, कारण हे सगळं खालून रुततं. कुसळ वरून, बेचक्यात शिरतं. ओल्या फडक्याने केस चिकटून बसतात आणि ते झाकलं जातं. म्हणजे पंजे पुसले, पण तपासले नाहीत.

आता क्रम बदलला आहे. आधी कोरडी तपासणी, मग फडकं. प्रत्येक पंजाची वरची तीन बेचकी बोटाने फाकवून, केसांच्या उलट्या दिशेने हात फिरवून, मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघायची. मग खालून मोठ्या गादीभोवतीची खाच, वरचं सुटं नख, काखा, जांघा, शेवटी कान आणि डोळ्यांचे कोपरे. एका कुत्र्याला दोन-अडीच मिनिटं लागतात आणि ती फेरीच्या वेळेत धरलेली नाहीत. लांब केसांच्या कुत्र्यांच्या पालकांनी बोटांमधले केस या दिवसांत कापून घ्यावेत. पडलेली कुसळं हिवाळाभर जमिनीवर राहतात, म्हणून तलावाकाठची गवताची कड होळीपर्यंत बंद. कॉलनीतल्या ज्या ओपन स्पेसमध्ये गवत कापलेलं नाही, तिथेही जाणार नाही. शहराबाहेरच्या कपाशीच्या बांधावरून आम्ही आधीपासूनच नेत नाही. तिथे फवारणी झालेली असते आणि कुत्रा घरी येऊन पंजे चाटतो.

घरी कधी असं दिसलं तर काय करायचं? कुसळाचं टोक बाहेर असेल तर चिमट्याने कातडीलगत पकडा आणि ज्या रेषेत ते आत गेलंय त्याच रेषेत सावकाश ओढा. झटका दिला की तुटतं आणि अर्धं आत राहतं. टोक दिसत नसेल तर सुईने कोरू नका. हळद भरून पट्टी बांधून ठेवणं हा आपल्याकडचा नेहमीचा उपाय, पण आत कुसळ असताना वरची जखम मिटते आणि आत पू धरतो. एकच बोट सारखं चाटणं, बोटांमध्ये फोड किंवा बारीक भोकातून पाणी येणं या त्याच्या खुणा. कुत्रा अचानक मान एका बाजूला कलंडून डोकं झटकत असेल तर कानात, आणि एकामागून एक शिंकांचा सपाटा लावला तर नाकात गेलं असं समजा. त्या दोन्हींत घरी चिमटा लावायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. भूल देऊन काढावं लागतं.

एका हातात चार कुत्र्यांचं म्हणाल, तर चार ही आमची वरची मर्यादा, तीही लहान-मध्यम कुत्र्यांची. तुकडीत ३० किलोच्या वरचा एक आला की तीनच, दोन आले तर दोघंच. ब्रूनो असताना चौघं घेतले, म्हणजे इथेही आमचा नियम आम्हीच मोडला. तुकडीत येण्याआधी नव्या कुत्र्याला दोन दिवस एकटं फिरवतो. मग एका शांत जोडीदारासोबत, मोकळ्या जागेत १०-१५ फुटांचं अंतर ठेवून एकाच दिशेने चालवतो आणि दोघांचं एकमेकांकडे बघणं थांबलं की जवळ आणतो. समोरासमोर नाकाला नाक लावून ओळख करून दिली की भांडणाला तिथेच सुरुवात होते. दुसरं कुत्रं दिसताच झेप घेणारा, सोळा आठवड्यांपर्यंतच्या लसी पूर्ण न झालेलं पिल्लू आणि माजावर आलेली मादी (तिला साधारण तीन आठवडे) तुकडीत घेत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

काठी आम्ही मुद्दामच देत नाही. काठी उगारली की समोरची टोळी आणखी भुंकते आणि आपल्या हातातली तीन-चारही बिथरतात. गल्लीतल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते: एखादा चौक, एखादी कचराकुंडी, मटणाचं दुकान. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना पुन्हा त्याच जागी सोडायचं असतं, म्हणून ती तिथेच असणार हे धरूनच वाट ठरवावी लागते. मुलं फेरीच्याच वेळेला आधी रिकाम्या हाताने ती वाट चालून येतात. टोळी दिसली की ३०-४० फुटांवरच रस्ता ओलांडायचा, आपली कुत्री पलीकडच्या बाजूला घ्यायची, लीश (हातात धरायचा पट्टा) आखूड पण सैल. ताणली तर आपलं कुत्रंही ताणतं. डोळ्यांत बघायचं नाही, पळायचं नाही. तरी कोणी पुढे आलंच तर बटणाची छत्री खाली धरून उघडायची, मध्ये भिंत उभी राहते. ती छत्री प्रत्येकाच्या पाठपिशवीत असते. हिवाळ्याच्या तोंडाशी माद्या व्यायलेल्या असतात, तेव्हा त्या गल्ल्या वगळतो. चावा बसलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवायची आणि लस झालेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. माणसाला चावलं तर त्यालाही तसंच धुवून सरकारी दवाखान्यात.

आणि तो लांब पट्टा. मोकळ्या मैदानात तुम्ही एकटे ब्रूनोला घेऊन असाल तर खुशाल वापरा. रस्त्यावर ३८ किलोंचा कुत्रा १५ फूट धावत सुटला की शेवटच्या झटक्याला आतली कडी निसटू शकते. बारीक दोरी कोणाच्या पोटरीला गुंडाळली तर सोलून काढते. मूठ हातातून सुटली तर ती खडखडत त्याच्या मागे येते आणि तो घाबरून आणखी पळतो. आम्ही ६ फुटांची साधी लीश वापरतो, तिचा फास अंगठ्यात घालून तळव्यात दुमडतो, मनगटाला किंवा कमरेला बांधत नाही. दिवाळी तोंडावर आहे, त्यामुळे वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत दोन कड्या असतील, एक हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) आणि एक गळपट्ट्याला. फटाक्याच्या आवाजाला मागे रेटून गळपट्ट्यातून डोकं काढणारी कुत्री याच दिवसांत हरवतात. गळपट्टा आणि मान यात दोन बोटं जावीत, तीन नाहीत.

हिशेब: डॉक्टरांच्या बिलाचा फोटो पाठवा, पूर्ण रक्कम आम्ही देतो. त्या ६ दिवसांचे पूर्ण पैसे परत, फेरी २५ मिनिटं झाली असली तरी. पुढे चालू ठेवायचं नसेल तर उरलेल्या दिवसांचेही परत. चालू ठेवणार असाल तर सोमवारपासून ब्रूनो सकाळी सहाच्या तुकडीत, सोबत फक्त ती देशी कुत्री, कारण तिची चाल त्याच्या चालीशी जुळते. पहिले तीन दिवस निघाल्याची आणि परतल्याची वेळ आणि चारही पंजांचे फोटो तुमच्या मोबाइलवर येतील. जेवण मात्र तो परत आल्यावर, अर्ध्या-पाऊण तासाने.