छाती आहे, पण सराव?

जळत्या इमारतीत आपलाच एखादा जवान पडलाय म्हटल्यावर अग्निशमन दलातला कुणीही मागे राहत नाही. धाडसाचा प्रश्नच नाही. बोंब आहे ती सरावाची. भर उजेडात मैदानावर एक जण ‘बेशुद्ध’ पडतो, दोघं त्याला उचलून नेतात, फोटो निघतात. झाला सराव!

अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये मार्च २००१ मध्ये सुपरमार्केटच्या आगीत एक जवान वाट चुकला, सिलिंडरमधली हवा संपली आणि तो गेला. नंतर तिथल्या दलाने मोठ्या रिकाम्या इमारतींत सराव घेऊन मोजमाप केलं. एकाला बाहेर काढायला १२ जण लागत होते, सरासरी २१ मिनिटं जात होती आणि वाचवायला गेलेल्या दर पाचांतला एक जण स्वतःच अडचणीत येत होता. अर्ध्या तासाचं म्हणून दिलेलं सिलिंडर धापा टाकत राबणाऱ्याला वीस मिनिटंही जेमतेम पुरतं. तेव्हा बचावासाठी दारात दोघं राखीव उभे केले म्हणून निर्धास्त राहणारे अधिकारी पाहिले की मला धास्तीच वाटते.

अमेरिकेतल्याच डेन्व्हरमध्ये १९९२ साली तर अडकलेला जवान खिडकीच्या अगदी जवळ होता. पण वाट २८ इंच रुंद आणि खिडकीची कड जमिनीपासून ४२ इंच उंच. वाकून उचलायलाच जागा नाही. तो वाचला नाही. आता त्याच मापाची चौकट उभारून अनेक दलं सराव करतात. एक जण डोक्याशी, एक पायाशी. दोघंही खाली बसतात, पडलेल्याला आधी बसतं करतात आणि मांड्यांवर घेत खिडकीपर्यंत चढवतात. वाचायला सोपं आहे. मास्कच्या काचेवर काळं फडकं बांधून, जाड हातमोजे घालून करून बघा. ओढत न्यायचं असेल तर आधी बीए सेटचा, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडर-मास्कच्या संचाचा, कमरपट्टा सोडून त्याच्या एका पायाखालून घ्यायचा आणि परत लावायचा. नाहीतर ओढताना सेट डोक्याकडे सरकतो, मास्कही निघू शकतो. हे हातांना आंधळेपणी जमलं पाहिजे.

अडकलेल्यालाही तालीम हवी. तीसेक सेकंद हालचाल थांबली की अंगावरचा भोंगा वाजतो, पण तोवर उशीर झालेला असतो. गडी ‘निघतो की मी’ म्हणत हवा संपवतो, पण वायरलेसवर ‘मेडे’, म्हणजे ‘मी संकटात आहे’, म्हणायला लाजतो. नाव, जागा, काय झालं, हवा किती उरली, एवढं वेळेत सांगायला शिकवा. आणि लवकर मेडे दिला म्हणून मागाहून टिंगल करणाऱ्या सीनियरला आधी आवरा.

साहेबांचं काय? अमेरिकेतल्या वूस्टरमध्ये डिसेंबर १९९९ मध्ये एका ओसाड शीतगृहाच्या आगीत दोन जवान वाट चुकले. त्यांना शोधायला गेलेले आणखी चौघं परतले नाहीत. शेवटी तिथल्या अधिकाऱ्याने दारात उभं राहून बाकीच्यांना अडवलं. आपली माणसं आत असताना ‘आता कुणीही जायचं नाही’ म्हणायचं, याचा सराव कुठल्या अभ्यासक्रमात घेतात? माझ्या मते तोही घ्यायला हवा, आणि जवानांच्या समोरच.