पानं पिवळी पडली, आता युरिया की शेणखत?

बंड्यानं मोबाइलवर टोमॅटोच्या कुंडीचा फोटो दाखवला आणि कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं. खालची पानं पिवळी, शेंडा हिरवा.

"नत्र कमी पडलंय. चमचाभर युरिया टाकतो."

"विष घालतोस की काय!" अण्णा उसळले. "शेणखत घाल, गांडूळखत घाल."

"विष कसं, अण्णा?" शैलाताई म्हणाल्या. "मुळं नत्र घेतात ते मुख्यतः नायट्रेट नाहीतर अमोनियमच्या रूपात. ते शेणातून आलं की पोत्यातून, झाडाला काय फरक पडतो?"

"झाडाला नसेल, मातीला पडतो. युरियानं माती भुसभुशीत होते का? पाणी धरून ठेवते का?"

दोघांचंही खरं होतं. पण माझ्या मते कुंडीच्या बाबतीत अण्णांचा मुद्दा जास्त वजनाचा. युरियात 46 टक्के नत्र असतं, गांडूळखतात साधारण एक-दोन टक्के. म्हणजे युरियात हात थोडा सैल सुटला तरी डोस कितीतरी पटींनी चुकतो. शेतात जादाचं खत खोलवर झिरपून तरी जातं. कुंडीत मूठभर मातीतच सगळा कारभार. तिथे खतातले क्षार साचले की मुळांना पाणी ओढणं जड जातं आणि ओल्या मातीतही झाड तहानलेलं राहतं.

मी फोटो मोठा करून पाहिला. कुंडीच्या काठावर पांढरी पापडी, पानांची टोकं करपलेली.

"सध्या काय देतोयस?"

"एकोणीस-एकोणीस-एकोणीस. दर तीन-चार दिवसांनी."

पाण्यात विरघळणारं, म्हणजे विद्राव्य खत ते. म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) तिन्ही भरपूर पडत होतं. पापडी जड पाण्यानंही येते, पण करपलेली टोकं आणि हा खताचा मारा एकत्र पाहिला तर संशय क्षारांवरच जातो. अशा वेळी आणखी युरिया म्हणजे दुखण्यावर डागणी. आधी खत बंद, मग भोकातून भरपूर निचरा होईल इतकं साधं पाणी सोडायचं.

अण्णांचा चेहरा खुलला, तेवढ्यात शैलाताईंनी त्यांना गाठलं. "तुमच्या कुंडीतल्या कंपोस्टमध्ये परवा कांद्याची सालं ओळखू येत होती!"

हे फार महत्त्वाचं. कच्चं कंपोस्ट, त्यातही सुकी पानं आणि भुसा जास्त असलेलं, मातीत गेलं की ते कुजवायला जिवाणू मातीतलंच नत्र वापरतात आणि झाड उपाशी राहतं. तयार खत काळपट, भुरभुरीत असतं, पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो, आत काय घातलं होतं ते ओळखू येत नाही. 'सेंद्रिय आहे, कितीही घाला' हेही खरं नाही. ताजं शेण किंवा कोंबडीखतही मुळं जाळतं.

शेवटी गाडं अडलं ते फळधारणेवर. शैलाताईंचं म्हणणं, टोमॅटो फळांनी लगडला की नुसत्या कंपोस्टमधून पालाश पुरेसं मिळेलच असं नाही. पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं विद्राव्य खत पंधरवड्यानं द्यावं. मला हे पटतं. कुंडी भरताना कंपोस्ट हवंच, वरून गरजेपुरतं विद्राव्य खत.

अण्णांनी मान हलवली नाही. उठता उठता बंड्याला एवढंच म्हणाले, "द्यायचंच असेल, तर आधी माती ओली कर. सुक्या कुंडीत खताचं पाणी ओतू नकोस."