व्हेज ऑप्शन उपलब्ध

परवा इटलीतल्या बोलोन्यात ९० युरो भरून मी एका अनोळखी बेल्जियन म्हाताऱ्याला पोटभर जेवू घातलं आणि वर माझ्याच आहाराबद्दल त्याचं ज्ञान ऐकून घेतलं. अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकतोय.

फूड टूर बायकोने बुक केली होती. ती मालवणची, तिला पाण्यातलं-जमिनीवरचं काहीच वर्ज्य नाही. मी शाकाहारी, अंडं चालतं (ते का चालतं यावर घरात वेगळी भांडणं आहेत). बुकिंगमध्ये ठळक लिहिलं होतं, व्हेज ऑप्शन उपलब्ध. आणि खाली, नाश्ता करून येऊ नका, भरपूर खायचंय. म्हणून सकाळी रिकाम्या पोटी पियाझ्झा माज्जोरेजवळ, नेपच्यूनच्या कारंज्यापाशी हजर.

गाइड बाई गोड होती. म्हणाली या शहराची तीन टोपणनावं आहेत, विद्वान, लठ्ठ आणि लाल. विद्वान म्हणजे विद्यापीठ १०८८ पासूनचं मानतात, लाल म्हणजे विटा-कौलं आणि थोडंफार राजकारण, आणि लठ्ठ का ते तुम्हाला टूर संपेपर्यंत कळेलच. मला नाही कळलं.

पहिला स्टॉप चौकामागच्या बोळातलं एक मांसाचं दुकान. मोर्तादेला. डुकराच्या मांसाचा गुलाबी रोल, मधे चरबीचे पांढरे चौकोन, त्यात पिस्ते. मांडीएवढा जाड. १६६१ साली चर्चच्या एका कार्डिनलने, म्हणजे बड्या धर्मगुरूने, फर्मान काढलं होतं म्हणे, मोर्तादेला कशी करायची आणि कशी नाही. माझ्यासाठी व्हेज ऑप्शन काय, तर गाइडने दुकानदाराच्या कानात काहीतरी सांगितलं, त्याने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघतात तसं बघितलं, आत गेला आणि वाटीत पिस्ते घेऊन आला. नुसते पिस्ते. म्हणजे मोर्तादेलातून मोर्तादेला वजा केली की जे उरतं ते.

पण माझी प्लेट आधीच लावून झाली होती, आणि तिथेच हे बेल्जियन काका प्रकट झाले. सहा फुटांच्या वर उंच, गाल मोर्तादेलाच्याच रंगाचे, खिशात स्वतःचा घडीचा चाकू. चाकू घेऊन फूड टूरला येणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. खाकरले आणि म्हणाले, "माय फ्रेंड, तुम्ही हे खाणार नाही असं ऐकलं." म्हटलं नाही. "अजिबात नाही? कधीच नाही?" अजिबात नाही. "उत्तम," म्हणाले आणि प्लेट उचलली. सॉरी वगैरे नाही, उत्तम!

तिथून पुढे हा माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर, पिंडाला शिवायला टपलेल्या कावळ्यासारखा. मी वळलो की तो वळायचा. बायको म्हणे, "अरे, वाया जाण्यापेक्षा बरं ना? अन्न आहे ते." अन्न आहे हे मला माहितीये, पैसे मी भरलेत. दुसऱ्या स्टॉपला गाइड माझी प्लेट लावतच नव्हती (कशाला लावेल), तर काका तिला म्हणाले, नाही नाही, या गृहस्थांनी पूर्ण पैसे भरलेत, त्यांचा वाटा आलाच पाहिजे. माझ्या हक्कासाठी एवढं पोटतिडकीने आजवर कोणी भांडलं नसेल. वाटा आला, काकांनी खाल्ला.

एक मात्र मान्य करावं लागेल, त्या शहरात चालायला सुख आहे. बहुतेक रस्त्यांच्या कडेने कमानींचे पोर्टिको, म्हणजे घरांखालचे झाकलेले फुटपाथ, सगळे मिळून ६२ किलोमीटर, २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. १२८८ साली नियमच केला की नवीन घराला पोर्टिको पाहिजेच, तोही घोडेस्वार खालून जाईल एवढा उंच. जागा मालकाची, डागडुजी मालकाची, चालणार सगळे. आमच्या पुण्यात फुटपाथचं बरोबर उलटं, जागा सगळ्यांची, डागडुजी सगळ्यांच्या पैशाने आणि वापर एका वडापाववाल्याचा. अर्थात त्या क्षणी तो वडापाववाला तिथे असता तर अख्खा पोर्टिको मी त्याच्या नावावर करून दिला असता.

मग पलाझ्झो देल पोदेस्ताच्या खाली गेलो. तिथे कमानीचे चार कोपरे आहेत, एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं की छतावरून आवाज जाऊन समोरच्या कोपऱ्यात स्पष्ट ऐकू येतं. कुष्ठरोग्यांचे कबुलीजबाब पाद्री असे लांबून ऐकायचे असं सांगतात. गाइड म्हणाली, जोड्या करा, मनातलं बोला. बायको फोटो काढत होती म्हणून मी एकटाच कोपऱ्यात नाक लावून उभा राहिलो, शिक्षा झालेल्या पोरागत. आणि त्या शेकडो वर्षं जुन्या दगडातून, अगदी कानाशी, आवाज आला. "माय फ्रेंड, पुढे हॅम आहे."

मागे वळून बघितलं तर काका समोरच्या कोपऱ्यातून हात हलवतायत.

पास्त्याच्या स्टॉपला जरा आशा होती. एक बाई हातभराहून लांब लाटण्याने पोळी लाटत होती, मैदा आणि अंडी, अशी पातळ की पलीकडचं दिसावं. मग तालियातेल्ले, म्हणजे पास्त्याच्या लांब पट्ट्या, कापल्या. त्यांची रुंदी ठरलेली आहे, शिजल्यावर ८ मिलिमीटर, आणि १९७२ मध्ये तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये सोन्याची एक नमुना पट्टी ठेवलीये. शहरातल्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग म्हणे. मनोरा ९७.२ मीटर, मी उपाशीपोटी मोबाइलवर भागाकार केला, ७.९२ येतं. सांगितलं तर गाइड गोड हसली. उपाशी माणसाकडे करण्यासारखं दुसरं काही नसतं हो. बाकीच्यांना त्यावर रागू (मांसाचा सॉस), मला लोणी. काकांना दोन्हीकडचा रागू.

त्याच दुकानाच्या काचेत तोर्तेलोनी मांडलेल्या. तोर्तेलिनी नाही, त्यात डुक्कर असतं, ह्या मोठ्या, आत रिकोटा चीज आणि पार्सली. मांस नाही. बोलोन्याचाच पदार्थ, अस्सल, समोर, ढीगभर. मी बोट दाखवलं. गाइड म्हणाली, ते प्रोग्रॅममध्ये नाही. आता यावर काय बोलणार? इथे मात्र मी खरंच चिडलो. इटलीत शाकाहाऱ्याला खायला नाही असं थोडंच आहे, पण 'ऑप्शन' देणाऱ्याने पाच मिनिटं विचार करायला नको का? तर नाही, ऑप्शन म्हणजे काय, बाकीच्यांचं ताट घ्यायचं आणि त्यातून काढत जायचं. पैसे मात्र कुणी काढत नाही. पूर्ण ९०.

चीजच्या दुकानात कहर झाला. पार्मिजानोचं चाळीस किलोंच्या आसपासचं चाक, त्याला ५०० लिटरच्या वर दूध, किमान १२ महिने मुरवायचं. हे तरी आपलं, म्हणून मी तुकडा उचलला, तोंडापर्यंत नेला, आणि काकांनी माझं मनगट धरलं. "थांब, माय फ्रेंड! यात रेनेट आहे. वासराच्या पोटातलं." गाइडकडे बघितलं तर ती म्हणे हो, नियमच आहे, दूध फाडायला वासराचंच लागतं. इटलीत उतरल्यापासून मी ते प्रत्येक गोष्टीवर भुरभुरवून खात होतो तेव्हा हे काका कुठे होते? माझ्या डोळ्यांदेखत अर्धं डुक्कर संपवलेला माणूस, माझ्या धर्माची याला कसली काळजी! माझ्या आजीनेही एवढी केली नसती. काकांनी माझ्या हातातला तुकडा हळूच सोडवून घेतला, मान हलवली, म्हणाले, "फार वाईट वाटतं तुझ्यासाठी," आणि खाल्ला.

पुढे मोदेनाचं बाल्सामिको व्हिनेगर आलं, अस्सल पारंपरिक, द्राक्षाचा आटवलेला रस किमान १२ वर्षं लाकडी पिंपांत. एक तप! ते मला मिळालं. प्लास्टिकच्या चमच्यावर एक थेंब. अप्रतिम होता, खोटं कशाला बोलू, पण थेंब तो थेंबच. काका त्याच्याकडे असे बघत होते की मी घाईघाईत चमचाही चाटला.

शेवटी जिलातो, तिकडचं आइस्क्रीम. काकांनी काउंटरवरच्या पोरीला माझ्याकडे बोट करून विचारलं, "यात जनावराचं जिलेटिन नाही ना?" नव्हतं. त्यांचा चेहरा पडला.

निघताना गाइडने विचारलं, टूर कशी वाटली. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका म्हणाले, "फर्स्ट क्लास! वाटे एवढे सढळ मी कुठेच बघितले नाहीत." मग बायकोकडे वळून विचारलं, उद्या तुम्ही कुठे? आणि माझ्या बायकोने, मी तिला डोळ्यांनी खुणावत असताना, त्यांना पार्माच्या हॅम टूरची वेळसुद्धा सांगितली.