आमवात ‘इम्युनिटी कमी’ झाल्याने होत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर असा: ‘आमवात म्हणजे इम्युनिटी कमजोर झाल्याची खूण. रोज उपाशीपोटी गुळवेलीचा काढा घ्या, काहीही अपाय नाही. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा.’ माझ्या मावशीने हे खरं मानलं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘इम्युनिटी कमजोर.’ नाही. आमवातात, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, तिची आपलं-परकं ही ओळख चुकलेली असते. टी पेशी, म्हणजे संरक्षण करणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत परिपक्व होतात. तिथे त्यांना शरीराचीच प्रथिनं दाखवली जातात आणि त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच संपवल्या जातात. काही निसटतात. त्यांना आवरणाऱ्या वेगळ्या टी पेशी असतात. त्यासंबंधीच्या शोधांसाठीच शिमोन साकागुची, मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५चं नोबेल मिळालं.

आमवातात बऱ्याच जणांच्या प्रथिनांमधलं आर्जिनिन (प्रथिनाचा एक घटक) बदलून सिट्रुलिन हा वेगळा घटक होतो. प्रथिन घरचंच, पण चेहरा अनोळखी. सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसात हा बदल जास्त होतो. काही विशिष्ट एचएलए जनुकं असली, तर अशी प्रथिनं टी पेशींपुढे सहज मांडली जातात. मग त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात, कधी पहिला सांधा सुजण्याच्या कितीतरी वर्षं आधी. अँटी-सीसीपी तपासणी याच अँटीबॉडी शोधते. मावशीची पॉझिटिव्ह होती. मग इम्युनिटी आणखी वाढवून करायचं काय?

‘काहीही अपाय नाही.’ कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. ती ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी होती, म्हणजे इम्युनिटी स्वतःच्याच यकृतावर तुटून पडते त्या आजारासारखी. वनस्पती दुसरीच असेल, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पुढे अनेक शहरांतल्या ४३ रुग्णांच्या अभ्यासातही असंच चित्र दिसलं.

‘गोळ्या बंद करा.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त छळतं. मेथोट्रेक्सेट ही आमवातावरची नेहमीची गोळी आठवड्यातून एकदाच घेतात, अधूनमधून रक्त तपासावं लागतं. तिची धास्ती वाटणं मी समजू शकते. ती धास्ती डॉक्टरांपुढे बोलून दाखवा, पण गोळी परस्पर सोडू नका. मावशीने चार महिने सोडली. सकाळी तिला नळ फिरवता येईना, कणीक तिंबता येईना. आता गोळी पुन्हा सुरू आहे, सूज उतरलीय. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडीच राहिली.