काकांचे टक्कल आणि सिंधुदुर्ग

गेल्या मे महिन्यात मालवणला काकांकडे जाताना मी कॅमेऱ्यासाठी पोलरायझर फिल्टर घेतला आणि आंबे खाण्याची सुट्टी एक काचेची चकती फिरवण्यात घालवली.

पाण्यावरून किंवा पानांवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या लहरी बऱ्याचशा एकाच दिशेत कंप पावतात. चकती नेमकी फिरवली की त्या अडतात आणि चकाकीखाली दडलेला रंग वर येतो. धक्क्यावरून पाण्याकडे साधारण ३७ अंशांनी खाली पाहत मी ती फिरवली, तेव्हा पांढरेफटक पाणी हिरवे होऊन तळाचे दगड दिसू लागले. माड गडद झाले. शेजारी उभ्या काकांच्या तेल लावलेल्या टकलाचेही तेज गेले, पण ते मी त्यांना सांगितले नाही. घरच्या पितळी कळशीची चमक मात्र तसूभर हटेना, कारण धातूपुढे या चकतीचे काही चालत नाही.

खरा घोळ आकाशाचा. या चकतीने आकाश सर्वांत गडद होते ते सूर्यापासून ९० अंशांवर. मालवणहून सिंधुदुर्ग पश्चिमेला, म्हणजे सकाळी सूर्य पाठीशी, संध्याकाळी थेट तोंडावर आणि चकती दोन्ही वेळा शोभेची. महाराजांनी १६६४ साली किल्ल्याचे काम काढले ते शत्रूचा विचार करून, माझ्या फिल्टरचा नव्हे, हे मान्य. उरली भर दुपार, जेव्हा सूर्य डोक्यावर आणि बांगड्याचे तिखले पानात असते.

पान सोडून गेलो. त्यात आडवा कॅमेरा उभा धरला की साधलेला कोन बिघडतो आणि पुन्हा फिरवाफिरवी. बोलवायला आलेल्या काकूने जरा वेळ पाहिले आणि विचारले, "झिला, फोटो काढतस काय बरणयेचा झाकण उघडतस?"

तिसऱ्या दिवशी खाऱ्या वाऱ्याने चकती लेन्सलाच चिकटली. मी जितकी आवळून फिरवावी तितकी तिची पातळ कडी दबून आणखी घट्ट बसे. शेवटी काकूने कडेला रबरबँड गुंडाळला, हलक्या बोटांनी चकती काढली, डोळ्याला लावून गोल फिरवत खळ्यात बसलेल्या काकांकडे पाहिले आणि ओरडली, "अगे बाय माजे, ह्येंचा टकला इझला!"