कंट्रोलवरचं इंग्रजी

आमच्या गावात रेशन दुकानाला रेशन दुकान कुणी म्हणत नाही. कंट्रोल. ‘कंट्रोल उघडलं का?’, ‘कंट्रोलला तांदूळ आलाय.’ तर परवा ई-केवायसीसाठी कंट्रोलला गेले. मशीनवर अंगठा ठेवला, मशीनने नाकारला. पदराला पुसला, केसांवर घासला, तरी नाहीच. दुकानदार असा बघायला लागला, जणू अंगठा शेजारणीकडून मागून आणलाय.

मागे हायस्कुलातले इंग्रजीचे निवृत्त सर उभे होते. हलू न शकणारा वर्ग त्यांना बऱ्याच दिवसांनी मिळाला असावा.

“कंट्रोल म्हणजे काय गं?”

“रेशन दुकान, सर.”

“चूक! मूळ लॅटिन. कॉन्ट्रा रोटुलस. कॉन्ट्रा म्हणजे विरुद्ध, रोटुलस म्हणजे कागदाची गुंडाळी. हिशेबाची दुसरी प्रत. पहिलीतली लबाडी दुसरीवरून पकडायची, तो कंट्रोल.”

दुकानदार उगाचच वजनकाटा पुसायला लागला.

“सर, माझा अंगठा...”

“वाक्यात उपयोग कर. आय हॅव नो कंट्रोल... पुढे काय? ऑन की ओव्हर?”

“ऑन.”

“ओव्हर!”

“ओव्हर झालं?” मागून मावशी ओरडल्या. “मग मी जाते बाई. भाकरी थापायच्यात.”

सर थांबतात कसले! युद्धाच्या काळात धान्यावर आणि भावांवर सरकारी नियंत्रण आलं, 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं, हे सगळं त्यांनी सांगितलं. मला माझी आजी आठवली. 1972 च्या दुष्काळात कंट्रोलवर मिळालेल्या लाल मिलोला, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीला, ती मरेपर्यंत शिव्या देत होती. आत्याच्या लग्नात मुहूर्ताआधी साखरेचं परमिट बघितलं होतं म्हणे. पण तेव्हा निदान अंगठा उमटला की काम व्हायचं. शाईत बुडवायचा, कागदावर दाबायचा, संपलं.

आता माणशी महिन्याला पाच किलो धान्य 2013 च्या कायद्याने दिलंय आणि ते अडलंय बोटावरच्या रेषांवर. माझ्या रेषा भांड्यांच्या राखेत गेल्या, मावशींच्या खुरप्याच्या मुठीत. ज्यांना जन्मभर अंगठेबहाद्दर म्हणून हिणवलं, त्यांचा आता अंगठाही चालत नाही. वर दुकानदार आम्हालाच दटावतो, “हात नीट धुवून येत जा.” अहो, धुऊन धुऊनच ही गत झालीय! केवायसी राहिली तर नाव उडेल, ही धमकी आहेच.

मग सरांनी पुढे होऊन अंगठा टेकवला. पहिल्या झटक्यात हिरवा दिवा! जन्मभर हातात फक्त खडू. त्यांनी विजयी मुद्रेने केशरी कार्ड घडी करून खिशात घातलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. केशरी कार्डाला वर्षाचं उत्पन्न 1 लाखाच्या आत लागतं.

“सर, त्या कॉन्ट्रा रोटुलसमध्ये पेन्शन धरतात का हो?”

सरांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे,” म्हणाले आणि निघाले.

“पुढचं कोण?” दुकानदाराने विचारलं. मावशींनी अंगठा पुढे केला, तोवर सर्व्हर गेला होता.